वाघाच्या अंगणात

१९९५ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात, मिलवॉकी शहरातून ‘किड्सकॉम’ नावाची वेबसाइट सुरू झाली. चार ते पंधरा वर्षांच्या मुलांसाठी. त्या काळी इंटरनेट टेलिफोनच्या तारेवरून यायचं. मोडेम आधी शिट्टी मारायचा, मग खरखरायचा, आणि चित्र वरून खाली ओळीओळीनं उलगडत जायचं. एवढी वाट पाहून मूल आत पोचलं की समोर खेळ असायचे, दूरदेशीचा पत्रमित्र शोधून देणारं पान असायचं, मनाला येईल ते लिहायला एक भिंत असायची. फक्त त्याआधी एक फॉर्म भरायचा.

नाव लिहा. जन्मतारीख लिहा. मुलगा की मुलगी? ई-मेल पत्ता, घरचा पत्ता, घरात माणसं किती, आवडीचं काय-काय. पुढे आणखी प्रश्नावल्या होत्या आणि त्या भरल्या की ‘किड्सकॅश’ नावाचे गुण खात्यावर जमा व्हायचे. त्या गुणांवर बक्षिसं मिळत. फॉर्म नीट, खरा-खरा भरायचा असतो हे मूल शाळेत शिकलेलंच असतं. ते मन लावून भरत असे. त्याच्या लेखी हा खेळातलाच एक टप्पा होता. साइट चालवणाऱ्या कंपनीच्या लेखी ही बाजारपाहणी होती. साइटवर नव्या वस्तूंची ओळख करून देणारं एक पानही होतं. तिथली शिफारस किड्सकॉमची स्वतःची वाटे, पण ती कंपन्यांकडून आलेल्या वस्तूंच्या बदल्यात केलेली असे.

मुलांसाठीच्या वेबसाइटवरच्या जाहिरातींचा इतिहास या फॉर्मपासून सुरू होतो. पण अमेरिकेनं त्यावर जो कायदा केला तो असाच का केला, हे समजायचं तर थोडं मागे, टीव्हीच्या जमान्यात जावं लागतं.

अमेरिकन घरांत शनिवारची सकाळ म्हणजे कार्टूनची वेळ. कॉर्नफ्लेक्स, चॉकलेटं आणि खेळणी विकणाऱ्यांचीही तीच वेळ. १९७४ साली प्रसारणावर देखरेख ठेवणाऱ्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशननं दोन गोष्टी ठरवून दिल्या. कार्यक्रम आणि जाहिरात यांच्यामध्ये मुलाला कळेल असं अंतर हवं, म्हणजे ‘आता जाहिराती, मग पुन्हा भेटू’ अशा अर्थाचं काहीतरी. आणि कार्यक्रमातल्या पात्रानं त्याच कार्यक्रमात माल विकायचा नाही. दोन्ही नियमांमागे साधं निरीक्षण होतं. लहान मुलाला समोरचं चित्र दिसतं, पण ते आपल्याला काही विकायला आलंय हे दिसत नाही. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या अभ्यासगटानं २००४ साली सगळं संशोधन तपासून हेच सांगितलं की सात-आठ वर्षांखालच्या मुलांना जाहिरातीमागचा पटवण्याचा हेतू ओळखता येत नाही.

१९७८ साली दुसरी एक संस्था बरीच पुढे गेली. व्यापारातल्या फसवणुकीवर लक्ष ठेवणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशनचे अध्यक्ष तेव्हा मायकल पर्टशुक होते. जाहिरातीचा हेतू कळण्याइतकी मोठी नसलेल्या मुलांसाठीच्या टीव्ही जाहिराती बंदच कराव्यात, आणि त्याहून मोठ्या मुलांसाठी दात किडवणाऱ्या गोड पदार्थांच्या जाहिराती थांबवाव्यात, असा प्रस्ताव कमिशननं मांडला. खाद्यपदार्थ, खेळणी, जाहिरात आणि प्रसारण हे सगळे उद्योग एकजुटीनं त्यावर तुटून पडले. ‘वॉशिंग्टन पोस्ट’नं अग्रलेखात कमिशनला ‘राष्ट्राची आया’ ठरवलं. १९८० साली काँग्रेसनं, म्हणजे अमेरिकेच्या संसदेनं, कायदा करून कमिशनचे हातपायच बांधून टाकले. त्या भांडणात पैसा अडल्यामुळे कमिशनची दारं एक दिवस बंद ठेवायची वेळ आली. पुढच्या वर्षी प्रस्ताव रीतसर गुंडाळला गेला. १९९० साली कायदा आला तो फक्त मिनिटं मोजणारा: मुलांच्या कार्यक्रमांत तासाला शनिवार-रविवारी साडेदहा मिनिटं आणि इतर दिवशी बारा मिनिटं जाहिरात चालेल.

मुलांच्या जाहिरातीला थेट हात घातला की काय होतं, हे वॉशिंग्टनमधल्या प्रत्येकाच्या ध्यानात राहिलं. वेब आली तेव्हा ही आठवण ताजी होती.

टीव्हीवर कॉर्नफ्लेक्सच्या जाहिरातीतला वाघ तीस सेकंदांसाठी मुलाच्या घरी यायचा आणि निघून जायचा. वेबवर मूलच वाघाच्या अंगणात जाऊ लागलं. कॉर्नफ्लेक्सच्या खोक्यावरची पात्रं, चिप्सच्या पाकिटावरचा चित्ता, बर्गरवाल्यांचा विदूषक यांची आता आपापली ठिकाणं झाली. तिथे तासाला किती मिनिटं हा प्रश्नच उरला नाही, कारण सगळं ठिकाण त्यांचंच. तिथे ‘आता जाहिराती’ असं सांगणारं कुणी नव्हतं. यजमान पात्रानं माल विकू नये हा नियमही टीव्हीपुरता होता. इथे यजमान तोच आणि विक्रेताही तोच.

ही गोष्ट ज्यांच्या नजरेत पहिल्यांदा नीट भरली, ते होते कॅथरिन माँटगोमेरी आणि जेफ चेस्टर. दोघांनी १९९१ साली वॉशिंग्टनमध्ये ‘सेंटर फॉर मीडिया एज्युकेशन’ ही छोटी संस्था काढली होती आणि मुलांच्या टीव्ही कार्यक्रमांसाठी ती झगडत होती. मार्च १९९६ मध्ये या संस्थेनं ‘वेब ऑफ डिसेप्शन’ नावाचा अहवाल प्रसिद्ध केला. तिच्या लोकांनी एक-एक साइट उघडून पाहिली होती. ‘बॅटमॅन फॉरएव्हर’ चित्रपटाच्या साइटवर गॉथम शहराची जनगणना चालू होती, आणि चांगला नागरिक म्हणून पोलीस आयुक्त गॉर्डनना मदत करा असं मुलांना सांगितलं जात होतं. मदत म्हणजे स्वतःची माहिती द्यायची. बॅटमॅनच्या शहराला उपयोगी पडायची संधी कुठलं मूल सोडेल? अहवालानं दोन धोके वेगळे करून दाखवले. एक, मुलांकडून खासगी माहिती काढून घेतली जातेय. दोन, खेळ आणि जाहिरात यांच्यातली भिंतच पाडली जातेय.

हे दोन धोके वाचकानं लक्षात ठेवावेत. पुढच्या तीस वर्षांत पहिल्यावर बरंच काम झालं. दुसरा मागे राहिला.

मे १९९६ मध्ये माँटगोमेरींच्या संस्थेनं किड्सकॉमविरुद्ध फेडरल ट्रेड कमिशनकडे रीतसर तक्रार केली. त्याच महिन्यात लॉस एंजेलिसमध्ये एक प्रकार घडला आणि सगळ्या देशातल्या आईबापांच्या पोटात गोळा आला. केसीबीएस या टीव्ही वाहिनीच्या वार्ताहरानं मेट्रोमेल या याद्या विकणाऱ्या मोठ्या कंपनीकडून तिथल्या पाच हजारांहून अधिक मुलांची यादी मागवली. ऑर्डर दिली ती एका लहान मुलीचं अपहरण आणि खून केल्याबद्दल त्या वेळी खटला चालू असलेल्या माणसाच्या नावानं. यादी आली. त्यात मुलांची नावं, वयं, पत्ते होते. या यादीचा वेबशी संबंध नव्हता, पण मुलाची माहिती ही बाजारात मिळणारी वस्तू झालीय हे त्या दिवशी सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं. किड्सकॉमच्या फॉर्मकडे बघायची नजरच बदलली.

जुलै १९९७ मध्ये कमिशनच्या अधिकाऱ्यांनी तक्रारीवर उत्तर दिलं. किड्सकॉमनं तोवर आपल्या पद्धती सुधारल्या होत्या आणि बाहेर दिलेली माहिती मुलांची नावं काढून, एकत्रित स्वरूपात दिली होती. म्हणून कारवाई झाली नाही. पण त्या पत्रात तत्त्वं लिहिली गेली. एका कारणासाठी माहिती घेतो असं भासवून ती विक्रीच्या कामी वापरणं ही फसवणूक आहे. मुलाची ओळख पटेल अशी माहिती दुसऱ्याच्या हाती देण्याआधी पालकांना कळवलं पाहिजे. नवी वस्तू ‘चांगली’ म्हणताना त्यामागे देवघेव असेल तर ती सांगितली पाहिजे.

पत्रानं बाजार बदलत नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कमिशनच्या माणसांनी एक दिवस बसून मुलांच्या १२६ साइट पाहिल्या. ८६ टक्के साइट मुलांची वैयक्तिक माहिती घेत होत्या, बहुतेक पालकांना न विचारता. जून १९९८ मध्ये काँग्रेसला दिलेल्या अहवालात तपासणी आणखी मोठी होती. मुलांच्या २१२ साइटपैकी ८९ टक्के साइट माहिती गोळा करत होत्या आणि त्या माहितीवर पालकांचा काही ताबा राहील अशी सोय दहा टक्के साइटवरही नव्हती. कंपन्यांनी आपणहून शिस्त लावावी असं तोवर सगळे म्हणत होते. या आकड्यांनंतर तसं म्हणणं अवघड झालं. ऑगस्टमध्ये जिओसिटीज या त्या काळच्या लोकप्रिय साइटशी कमिशननं तडजोड केली. तिथल्या मुलांच्या क्लबात मुलं जी माहिती देत होती ती प्रत्यक्षात बाहेरचीच मंडळी गोळा करत होती.

मग गोष्टी झपाट्यानं हलल्या. सिनेटर रिचर्ड ब्रायन आणि जॉन मॅकेन यांनी जुलै १९९८ मध्ये विधेयक आणलं आणि २१ ऑक्टोबर १९९८ रोजी, एका भल्या मोठ्या अर्थविधेयकाला जोडून, राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी त्यावर सही केली. ‘चिल्ड्रन्स ऑनलाइन प्रायव्हसी प्रोटेक्शन ॲक्ट’, सगळ्यांच्या तोंडी ‘कोप्पा’. तेरा वर्षांखालच्या मुलाची माहिती घ्यायची तर आधी पालकांची पडताळता येईल अशी संमती घ्यायची. काय घेतो, कशासाठी घेतो हे स्पष्ट लिहायचं. खेळायला मिळावं म्हणून गरजेपेक्षा जास्त माहिती मागायची नाही. हे शेवटचं कलम किड्सकॅशसारख्या आमिषावर नेमकं बसत होतं.

तीन महिन्यांत कायदा झाला, कारण त्यानं जाहिरातीला हात लावला नव्हता. नावातच ‘प्रायव्हसी’ होतं. १९८० सालची ठेच लक्षात ठेवून सगळे शहाणपणानं बाजूच्या दारानं आत आले होते. आईबापांना विचारा, एवढंच कायदा म्हणत होता, आणि त्याला उघडपणे नाही म्हणणं कुणालाही जड गेलं असतं. मुलांच्या बाजूनं उभ्या राहिलेल्या माणसांनी जे शक्य होतं ते पदरात पाडून घेतलं. पण वाघाच्या अंगणात जाऊन खेळणारं मूल आपण जाहिरातीत उभे आहोत हे कसं ओळखणार, या प्रश्नाला त्या कायद्यात जागा नव्हती.

नियम लागू व्हायला २१ एप्रिल २००० उजाडलं. त्याच सुमारास दोन प्रकरणांनी कायद्याची गरज आणखी ठळक केली. पैशांचं शिक्षण देणाऱ्या एका साइटनं मुलांकडून पाहणी भरून घेतली होती. आठवड्याला किती हातखर्च मिळतो, भेट म्हणून शेअर मिळालेत का, कमावता का, असे प्रश्न होते. उत्तरं निनावी राहतील असं सांगितलं होतं. प्रत्यक्षात ती नावासकट ठेवली गेली आणि कबूल केलेली बक्षिसंही दिली गेली नाहीत. लिबर्टी फायनान्शियल या कंपनीची ही ‘यंग इन्व्हेस्टर’ साइट १९९९ च्या मे महिन्यात कमिशनच्या कचाट्यात सापडली. २००० साली खेळणी विकणारी टॉयस्मार्ट ही कंपनी बुडाली. तिच्या गोदामात विकण्यासारखं बरंच होतं, आणि त्यात एक यादीही होती: ग्राहकांची नावं, पत्ते, मुलांचे वाढदिवस, मुलांना हवीशी वाटणारी खेळणी. ही माहिती कधीही कुणाला देणार नाही, असं कंपनीनं लिहून दिलेलं होतं. तरी यादी विक्रीला निघाली. शेवटी टॉयस्मार्टमध्ये मोठी हिस्सेदारी असलेल्या डिस्नेच्या उपकंपनीनं ५०,००० डॉलर भरले, आणि २००१ च्या सुरुवातीला ती यादी नष्ट झाली.

नियम लागू झाल्यावर साइटच्या दारावर एक नवी चौकट दिसू लागली: तुझं वय किती? पालकांच्या सहीचा फॅक्स, क्रेडिट कार्ड, टोल-फ्री नंबरवर फोन अशा वाटांनी संमती घ्यायची होती. पहिले दंड एप्रिल २००१ मध्ये बसले, तीन साइट मिळून एक लाख डॉलर. फेब्रुवारी २००३ मध्ये मिसेस फील्ड्स या बिस्किटवाल्या कंपनीला एक लाख आणि हर्शी या चॉकलेटवाल्या कंपनीला ८५,००० डॉलर दंड झाला. मिसेस फील्ड्सचा मुलांचा ‘वाढदिवस क्लब’ होता. वाढदिवसाला फुकट बिस्किटाचं कूपन मिळायचं, आणि त्यासाठी मुलाचं नाव, पत्ता, जन्मतारीख जमा व्हायची.

मोठ्या कंपन्यांनी धडा घेतला. मुलाकडून नाव-पत्ता घेणं आता महागात पडणार होतं. मग नाव-पत्त्याची गरजच पडणार नाही अशी जाहिरात करायची. तिचं नाव होतं खेळ.

बीज आधीच पडलेलं होतं. १९९७ साली लाइफसेव्हर्स या गोळ्यांसाठी ‘कँडीस्टँड’ नावाची साइट निघाली होती, आणि तिथे फुकट खेळ होते. अशा खेळाची घडण बघण्यासारखी असते. खेळाच्या नावातच मालाचं नाव असतं. मैदानाच्या कडेला पाकीट उभं असतं, चेंडूच्या जागी गोळी किंवा बिस्कीट असतं, आणि जिंकलं की गुणांच्या पाटीवर तेच चमकतं. हरलं की ‘पुन्हा खेळ’. जिंकलं तरी ‘पुन्हा खेळ’, आणि शेजारी ‘मित्राला पाठव’. टीव्हीवरच्या जाहिरातीकडे मूल पाहतं किंवा पाणी प्यायला उठतं. इथे ते स्वतः बोटांनी ती चालवत असतं, दहा-दहा मिनिटं, श्वास रोखून.

२००६ च्या जुलैमध्ये कैसर फॅमिली फाउंडेशननं या साऱ्याचं मोजमाप केलं. नोत्र दाम विद्यापीठातल्या एलिझाबेथ मूर यांनी खाद्यपदार्थांच्या ७७ साइट तपासल्या. त्यांवर ५४६ खेळ सापडले. ‘पॉप-टार्ट स्लॅलम’, ‘चिप्स अहॉय सॉकर शूटआउट’, लाइफसेव्हर्सचं बोलिंग अशी त्यांची नावं. तीन महिन्यांत दोन ते अकरा वर्षांच्या मुलांच्या १ कोटी २२ लाख भेटी या साइटना पडल्या होत्या. जवळपास दोन-तृतीयांश साइट मुलाला मित्रांपर्यंत निरोप पोचवायला सांगत होत्या.

या अहवालातले दोन आकडे शेजारी-शेजारी ठेवले की सगळी गोष्ट उलगडते. ९७ टक्के साइटवर पालकांसाठी म्हणून वेगळा मजकूर होता: आम्ही मुलांची कोणती माहिती घेतो, कशी घेतो वगैरे. कायदा ते मागत होता आणि कंपन्या ते देत होत्या. पण ‘ही जाहिरात आहे’ असं मुलाला सांगणारी काहीही खूण होती ती फक्त १८ टक्के साइटवर. ती कायदा मागत नव्हता.

याच वर्षांत ‘निओपेट्स’ बहरली होती. ॲडम पॉवेल आणि डोना विल्यम्स या इंग्लंडमधल्या तरुण जोडीनं १९९९ साली ती सुरू केली. एक काल्पनिक जनावर पाळायचं, त्याला खाऊ घालायचं, त्याच्यासाठी खेळून गुण कमवायचे. पोटात भूक असलेलं ते चित्रातलं जनावर मुलांना रोज परत बोलावून आणायचं. दुसऱ्याच वर्षी बाजारपाहणीच्या धंद्यातले डग डोहरिंग यांनी ती विकत घेतली आणि जाहिरात त्या जगाच्या आतच बसवायची पद्धत काढली. पट्टी लावायची नाही, मध्ये थांबवायचं नाही. जगाचाच एक भाग करायचा. ‘इमर्सिव्ह ॲडव्हर्टायझिंग’ हे शब्द त्यांनी ट्रेडमार्क म्हणून नोंदवून घेतले. ‘लकी चार्म्स’ या सीरियलच्या नावाचा खेळ खेळलं की गुण मिळायचे, त्या गुणांतून जनावराला खाऊ मिळायचा. आपल्या लाडक्या जनावराचं पोट भरणारा खेळ मुलाला जाहिरात कसा वाटणार? जून २००५ मध्ये व्हायाकॉम या माध्यम कंपनीनं ही साइट १६ कोटी डॉलरना विकत घेतली.

दुसरी वाट नव्हतीच असं नाही. कॅनडातल्या केलोना गावातून ऑक्टोबर २००५ मध्ये ‘क्लब पेंग्विन’ सुरू झालं. त्यात जाहिराती नव्हत्या. पैसे वर्गणीतून यायचे. दोन वर्षांत डिस्नेनं ते ३५ कोटी डॉलर देऊन घेतलं. जाहिरातीवाचून मुलांची साइट चालू शकते, याचा हा ढळढळीत पुरावा होता. पण वर्गणी भरणं सगळ्या घरांना जमत नाही, आणि ज्यांना जमत नाही त्यांची मुलं फुकटच्या अंगणात जातात.

ओरड वाढली तशा मोठ्या खाद्यकंपन्या सावध झाल्या. २००६ च्या अखेरीस दहा कंपन्यांनी मिळून मुलांसाठीच्या जाहिरातींबाबत स्वतःहून काही बंधनं मान्य केली. जनरल मिल्सनं ‘मिल्सबेरी’ हे आपलं खेळांचं गाव २०१० साली बंद केलं. पण तोवर जाहिरातीनं तिसरं रूप घेतलं होतं, आणि ते डोळ्यांना दिसतही नव्हतं.

सप्टेंबर २०१० मध्ये ‘वॉल स्ट्रीट जर्नल’नं मुलांच्या आणि किशोरांच्या लोकप्रिय ५० साइट उघडून, एका कॉम्प्युटरवर त्या काय-काय ठेवून जातात ते मोजलं. माग काढणाऱ्या ४,१२३ वस्तू सापडल्या, मोठ्यांच्या लोकप्रिय ५० साइटपेक्षा तीस टक्क्यांनी जास्त. कुकी म्हणजे साइटनं कॉम्प्युटरवर चिकटवलेली छोटी खूण. तिच्यात नाव नसतं, पत्ता नसतो, फक्त एक लांबलचक क्रमांक असतो. पण तोच क्रमांक दुसऱ्या साइटवर, तिसऱ्या साइटवर ओळखू येतो. हे मूल डायनोसॉर पाहतं, रात्री नऊनंतर जागं असतं, बाहुल्यांपेक्षा गाड्यांवर जास्त थांबतं, असं चित्र त्या क्रमांकापुढे जमत जातं. मग पान उघडताक्षणी, पापणी लवायच्या आत, जाहिरातीच्या रिकाम्या जागेचा लिलाव होतो. १९९५ साली मूल निदान फॉर्म भरत होतं. आता फॉर्म त्याच्या नकळत भरला जात होता.

कमिशननं नियम दुरुस्त केला. १ जुलै २०१३ पासून असा क्रमांकही ‘वैयक्तिक माहिती’ ठरला; मुलाच्या मागावर राहून जाहिरात दाखवायची तर पालकांची संमती हवी. तरी सप्टेंबर २०१६ मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या ॲटर्नी जनरलना व्हायाकॉम, मॅटेल, हॅस्ब्रो आणि जम्पस्टार्ट यांच्या साइटवर बाहेरच्या कंपन्यांचे माग काढणारे धागे सापडले. बार्बी, हॉट व्हील्स, निकलोडियन आणि जम्पस्टार्टकडे गेलेली निओपेट्ससुद्धा. एकूण दंड ८,३५,००० डॉलर.

त्याच वर्षीच्या जूनमध्ये या गोष्टीत मुंबईत जन्मलेली एक कंपनी आली. २००७ साली ‘एमखोज’ नावानं मुंबईत सुरू झालेली आणि पुढे बंगळुरूत वाढलेली ‘इनमोबी’ मोबाइल जाहिरातींच्या जगातलं मोठं नाव होती. लोकांनी ठावठिकाण्याची परवानगी नाकारली तरी आसपासच्या वायफायवरून ती त्यांचा ठाव काढत होती, आणि मुलांच्या ॲपमध्येही हेच चालू होतं, असा कमिशनचा आरोप होता. ४० लाख डॉलरचा दंड ठरला. कंपनीची परिस्थिती पाहून ९,५०,००० भरून घेतले गेले.

सगळ्यांत मोठा आकडा यायचा होता. ४ सप्टेंबर २०१९ रोजी गूगल आणि यूट्यूबनं १७ कोटी डॉलर भरायचं मान्य केलं. कमिशनच्या तक्रारीतला एक तपशील ठसठशीत आहे. खेळणी बनवणाऱ्या कंपन्यांना यूट्यूब सांगत होतं की सहा ते अकरा वर्षांच्या मुलांपर्यंत पोचण्यात आम्ही सगळ्यांच्या पुढे आहोत. आणि एका जाहिरात कंपनीला सांगत होतं की आमच्याकडे तेरा वर्षांखालचे वापरकर्तेच नाहीत. जानेवारी २०२० पासून ‘मुलांसाठी’ असलेल्या प्रत्येक व्हिडिओवर तसा शिक्का मारावा लागतो आणि त्यावर पाळत ठेवून जाहिरात दाखवता येत नाही. मराठी बडबडगीतांच्या व्हिडिओंनाही हाच शिक्का लागतो.

तेराचा आकडा तसा जगभर पसरला. साइटनी तेराखालच्या मुलांना घ्यायचंच नाही असं ठरवलं आणि मुलांनी जन्मसाल बदलायला सुरुवात केली. संशोधक दाना बॉइड आणि तिच्या सहकाऱ्यांनी २०११ साली दाखवून दिलं की फेसबुकवर खोटं वय टाकायला अनेक घरांत आईबापच मदत करत होते.

भारतात हा विषय बराच काळ जाहिरात उद्योगाच्या स्वयंशिस्तीवर सोडलेला होता. १९८५ साली मुंबईत स्थापन झालेल्या ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिलच्या संहितेत मुलांच्या जाहिरातींवर कलमं आहेत. जून २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत जी मार्गदर्शक तत्त्वं काढली त्यांतही मुलांचा स्वतंत्र विचार केलेला आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन ॲक्ट आला, आणि त्याचं नववं कलम अमेरिकेच्या पुढे गेलं. मूल म्हणजे तेरा नव्हे, अठरा वर्षांखालचं. त्याच्या मागावर राहायचं नाही, त्याच्या वागण्याची नोंद ठेवायची नाही, त्याला हेरून जाहिरात दाखवायची नाही. मोडलं तर दंड दोनशे कोटी रुपयांपर्यंत. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि कंपन्यांना तयारीसाठी दीड वर्षाची मुदत मिळाली.

भारताचा हा कायदाही मुख्यतः माहितीचाच आहे. १९९६ च्या अहवालातला दुसरा धोका, खेळ आणि जाहिरात यांच्यातली पडलेली भिंत, अजून तशीच आहे. खोकं उघडून खेळणं दाखवणारा व्हिडिओ, नायकाच्या अंगावर ब्रँडचा पोशाख घातलेला गेम, यांना मुलाचं नाव नको असतं, वय नको असतं आणि कुकीही नको असते.

ऑक्टोबर २०२२ मध्ये फेडरल ट्रेड कमिशननं याच प्रश्नावर एक दिवसाची परिषद भरवली आणि सप्टेंबर २०२३ मध्ये कमिशनच्या अधिकाऱ्यांनी शिफारशी प्रसिद्ध केल्या. त्या बंधनकारक नाहीत. पहिलीच शिफारस अशी की मुलांच्या डिजिटल मजकुरात जाहिरात मिसळू नका. दोन्हींमध्ये दिसेल अशी सीमा ठेवा. आणि जिथे जाहिरात असेल तिथे ती सुरू होताना मुलाला कळेल अशा भाषेत सांगा, नुसतं लिहून नको, आवाजातही सांगा, कारण बघणाऱ्यांतल्या पुष्कळांना अजून वाचता येत नाही. असा आवाज शनिवारी सकाळच्या कार्टूनमध्ये १९७४ नंतर ऐकू येऊ लागला होता: आता जाहिराती, मग पुन्हा भेटू.